रॉईस नावाचा मेकॅनिक

आमच्या लेडीज होस्टेलच्या कॉमन रूममध्ये गाड्यांची मासिकं येतात यावर बॉईज होस्टेलमधल्या मित्रांचा अजून विश्वास बसत नाही. पण येतात, आणि कव्हर फाटेपर्यंत वाचलीही जातात! त्यात सगळ्यांत आधी उघडलं जाणारं पान म्हणजे नव्या गाडीचा रोड टेस्ट. या लेखांचा साचा ठरलेला असतो. आधी गाडी दिसते कशी ते : ग्रिल, हेडलॅम्प, छपराचा मागे उतरत जाणारा बाक. मग चालवताना वाटते कशी ते. गाडी लक्झरी सेडान असेल तर एक वाक्य हमखास येतंच, की आत बसल्यावर इंजिन चालू आहे का बंद हेच कळत नाही. ज्या गाडीचे टायरसुद्धा आपल्याला परवडणार नाहीत तिच्यावर आम्ही मेसमध्ये भाजी थंड होईपर्यंत भांडतो.

अशाच एका भांडणात प्रश्न निघाला, की ही शांतता येते कुठून? ग्रिल कुणीतरी पेन्सिलने काढतं, रंग कुणीतरी निवडतं. शांतता कशी काढणार? ती ड्रॉइंग शीटवर कुठल्या व्ह्यूमध्ये दाखवायची? याचं उत्तर शोधता शोधता मी एका माणसापाशी जाऊन पोहोचले. शाळेत सिस्टर्सनी आमच्याकडून इंग्लंडचे राजे-राण्या क्रमाने पाठ करून घेतले होते. त्यात हा माणूस कुठेच नव्हता. आडनाव मात्र सगळ्या जगाला माहीत आहे, तेही दुसऱ्याच्या आडनावाला चिकटलेलं. रोल्स रॉईसमधला रॉईस. पूर्ण नाव फ्रेडरिक हेन्री रॉईस.

रोल्स रॉईस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महाराजे आणि राजवाडे येतात. रॉईसचा जन्म मात्र २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधल्या आल्वॉल्टन या खेड्यात एका पिठाच्या गिरणीवाल्याच्या घरी झाला. पाच भावंडांत हा धाकटा. गिरणी बुडाली, वडील लंडनला गेले आणि १८७२ मध्ये वारले. तेव्हा हेन्री नऊ वर्षांचा होता. त्या वयात त्याने लंडनच्या रस्त्यांवर पेपर विकले, मग पोस्टात तारा पोहोचवल्या. सगळं मिळून शाळा झाली जेमतेम वर्षभर.

पुढे एका मावशीने त्याची फी भरायचं कबूल केलं, वर्षाला २० पौंड, आणि पीटरबरोच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये तो अप्रेंटिस म्हणून लागला. जिथे राहायला होता त्या घराच्या मागच्या शेडमध्ये लेथ होतं. दिवसा रेल्वेचं काम आणि संध्याकाळी हे लेथ, असं तीन वर्षं चाललं. मग मावशीकडचे पैसे संपले आणि अप्रेंटिसशिप अर्धवट राहिली. आपल्या भाषेत सांगायचं तर हा ड्रॉपआऊट. तोही अभ्यास जमला नाही म्हणून नाही, फी भरायला कुणी उरलं नाही म्हणून. आपल्या आसपासही अशी मुलं आहेत, त्यामुळे मला हे वाक्य लिहिताना फार परकं वाटलं नाही.

नोकरी शोधत तो लीड्सला गेला आणि आठवड्याला ११ शिलिंगवर टूलमेकरचं काम धरलं. नंतर लंडनमध्ये विजेच्या कंपनीत लागला. वीज तेव्हा अगदी नवीन होती, म्हणजे डिग्रीवाले आणि बिनडिग्रीवाले दोघेही साधारण सारखेच अडाणी! रात्रीच्या वर्गांना जाऊन तो जमेल तेवढं शिकला. १८८४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, म्हणजे आत्ताच्या माझ्यापेक्षा फक्त एक वर्षाने मोठा असताना, त्याने मॅंचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर स्वतःचं वर्कशॉप टाकलं. भांडवल स्वतःचे २० पौंड आणि अर्नेस्ट क्लेअरमॉंट या भागीदाराचे ५० पौंड. दारावरच्या विजेच्या घंटा, दिव्यांचं सामान, मग डायनॅमो, मग विजेच्या क्रेन. त्याच्या डायनॅमोच्या कम्युटेटरवर ठिणग्या फारशा उडत नसत, म्हणून जिथे ठिणगी पडणं धोक्याचं, अशा ठिकाणी त्याला मागणी होती. मशीन लॅबमध्ये ब्रशपाशी निळ्या ठिणग्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यातली गोम लगेच कळेल.

१९०० नंतर धंदा बसायला लागला. बाहेरून स्वस्त माल येऊ लागला. दर्जा कमी करून किंमत उतरवायची, हा सरळ रस्ता रॉईसला मान्य नव्हता. याच काळात त्याने एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली, डेकोव्हिल कंपनीची. तेव्हाच्या मानाने ती चांगली गाडी होती. पण रॉईसला ती आवडेना. आवाज करते, थरथरते, गरम होते, मनात आलं तर सुरू होते. दुसऱ्या कुणी कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं असतं. याने गाडी खोलली.

आणि मला वाटतं, आपल्या कॉलेजसाठी सगळ्यांत महत्त्वाचा भाग इथेच आहे. रॉईसने मोटारीचा शोध लावला नाही. त्याने कॉपी केली. हो, कॉपीच! आपण सबमिशनच्या आदल्या रात्री खाली ट्यूबलाईट आणि वर काच ठेवून जी.टी. मारतो, तशी रेषेवर रेष मात्र नाही. डेकोव्हिलचा एक-एक पार्ट हातात घेऊन, हा असाच का, यापेक्षा बरा कसा होईल, असं विचारत. गिअर जास्त काटेकोर कापले. कार्बुरेटर सुधारला. इग्निशन तर त्याच्या घरचंच काम, कारण मूळचा तो विजेचा माणूस. सायलेन्सर मोठा दिला. इंजिन तेच साधं, दोन सिलिंडरचं, १० हॉर्सपॉवरचं. नवा सिद्धांत एकही नाही. पण सगळे पार्ट बसवून गाडी सुरू केली तेव्हा ती वेगळीच गाडी झाली होती.

१ एप्रिल १९०४ रोजी ही पहिली रॉईस कुक स्ट्रीटवरून बाहेर पडली आणि सुमारे १५ मैलांवरच्या नट्सफर्डला, रॉईसच्या घरापर्यंत, धड पोहोचली. एप्रिल फूलचा मुहूर्त कसा काय निवडला देव जाणे!

आता या गोष्टीत रोल्स येतो. चार्ल्स रोल्स हा लॉर्डचा मुलगा, ईटनमध्ये शिकलेला, केंब्रिजचा इंजिनिअर, लंडनमध्ये परदेशी मोटारी विकणारा आणि रेसिंगचा शौकीन. रॉईसपेक्षा १४ वर्षांनी लहान. दोन सिलिंडरच्या गाड्यांबद्दल त्याचं मत वाईट होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. त्या काळच्या दोन सिलिंडरच्या गाडीत बसलं की दात वाजायचे. पण हेन्री एडमंड्स या ओळखीच्या माणसाने आग्रह केला, म्हणून ४ मे १९०४ रोजी तो ट्रेनने मॅंचेस्टरला आला आणि मिडलंड हॉटेलमध्ये रॉईसला भेटला. एक सुटाबुटातला सरदारपुत्र, दुसरा हाताला तेल लागलेला चाळिशीचा माणूस. जेवण झालं आणि रोल्स गाडीत बसला.

मासिकातले सगळे रोड टेस्ट मला या एका फेरीपुढे फिके वाटतात. पहिली नजर टाकावी असं त्या गाडीत काहीच नव्हतं. उंच बैठक, उघडी बॉडी, साधं नाक. दिसण्यावर मार्क द्यायचे तर जेमतेम पासिंग. पण गाडी चालू लागली आणि रोल्सचं मत बदललं. दोन सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरसारखं सहज पळत होतं. त्या रात्री लंडनला परतल्यावर त्याने आपला भागीदार क्लॉड जॉन्सन याला झोपेतून उठवून ही बातमी सांगितली, असं म्हणतात. डिसेंबर १९०४ मध्ये करार झाला, की रॉईस बनवील त्या सगळ्या गाड्या रोल्स विकणार आणि नाव असेल रोल्स रॉईस. त्याच महिन्यात पॅरिसच्या प्रदर्शनात या गाड्या मांडल्या गेल्या, तेव्हा त्यांना ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा रेडिएटर होता. ज्याला बघून आजही लांबून गाडी ओळखता येते तो चेहरा तो हाच. १९०६ च्या मार्चमध्ये रीतसर कंपनी उभी राहिली.

पण शांततेची खरी परीक्षा पुढे होती. श्रीमंत गिऱ्हाइकांना सहा सिलिंडर हवे होते. वरवर पाहता सोपं आहे. सिलिंडर जास्त म्हणजे धक्के जास्त वेळा पण लहान, म्हणून गाडी मऊ चालणार. गोची अशी, की सहा सिलिंडरला क्रँकशाफ्ट लांब लागतो. ओला टॉवेल दोन टोकांना धरून पिळला की कसा होतो, तसा लांब शाफ्ट प्रत्येक स्फोटाबरोबर किंचित पिळला जातो आणि सुटतो. एका ठरावीक वेगाला हे पिळणं आणि सुटणं स्फोटांच्या तालाशी जुळतं आणि मग शाफ्ट इतका थरथरतो की तुटूही शकतो. सहाव्या सेमिस्टरमध्ये आपण हे टॉर्शनल व्हायब्रेशन म्हणून १० मार्कांसाठी लिहितो. रॉईसला हा टॉपिक कुठल्याच सिलॅबसमध्ये भेटला नव्हता. त्याच्या सहा सिलिंडरच्या पहिल्या, ३० हॉर्सपॉवरच्या गाडीला या दुखण्याने छळलं.

त्याने मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन गटांत टाकले, क्रँकशाफ्ट जाड आणि ताठ केला, त्याला सात मोठी बेअरिंग दिली आणि त्यात तेल दाबाने खेळवलं. ही ७ लिटरची ४०/५० हॉर्सपॉवर गाडी १९०६ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात आली. पुढच्या वर्षी क्लॉड जॉन्सनने तिच्यातल्या एका गाडीला चंदेरी रंग दिला, दिवे-दांड्यांना चांदीचा मुलामा चढवला आणि नाव ठेवलं सिल्व्हर घोस्ट. चंदेरी भूत. कारण ती आली-गेली तरी कळत नसे! नाणं रेडिएटरच्या टोपणावर कडेवर उभं करायचं, इंजिन सुरू करायचं आणि नाणं पडत नाही हे लोकांना दाखवायचं, असे प्रयोग तेव्हा होत.

नुसतं नाणं उभं करून भागत नाही, म्हणून १९०७ मध्ये ही गाडी लंडन आणि ग्लासगो यांच्यामध्ये रात्रंदिवस पळवली. १५,००० मैल, म्हणजे २४,००० किलोमीटर. सुरुवातीला एकदा पेट्रोलचा कॉक हादऱ्याने बंद झाला आणि गाडी थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल ती बिघाडाने एकदाही थांबली नाही. शेवटी परीक्षकांपुढे सगळी खोलून झिजलेले भाग नव्यासारखे करायचा खर्च काढला, तो दोन पौंडांच्या थोडा वर आला. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, सिल्व्हर घोस्ट आपल्याकडे मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. घाटांतून सुमारे ६२० मैलांची ती चाचणी तिने जिंकली. त्या गाडीचं नाव होतं पर्ल ऑफ द ईस्ट आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. आजचे आपले घाट बघता त्या काळच्या घाटांची कल्पनाच केलेली बरी.

एक गंमत सांगते. या गाड्यांच्या दिसण्याचं श्रेय रॉईसला फारसं देता येत नाही. कंपनी फक्त चॅसी विकायची. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, रेडिएटर एवढंच. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायची. त्यामुळे दोन रोल्स रॉईस बाहेरून एकमेकींसारख्या दिसतीलच असं नव्हतं, चालवताना मात्र त्या सारख्याच वाटायच्या. १९११ मध्ये चार्ल्स साईक्स या शिल्पकाराने बॉनेटवरची ती उडत्या बाईची मूर्ती घडवली. सगळं जग तिच्यावर फिदा आहे, पण खुद्द रॉईस तिच्यावर खूश नव्हता असं सांगतात. ती समोरच्या नजरेच्या आड येते, हे त्याचं कारण. किती मेकॅनिकल ब्रँचचं उत्तर आहे हे!

इथपर्यंत वाचून वाटेल की मेहनत करा, मोठे व्हा, अशी ही सुविचाराच्या फळ्यावरची गोष्ट आहे. पण दुसरी बाजू सांगितली नाही तर ते खोटं होईल. हा माणूस जेवायचाच विसरायचा. वर्कशॉपमध्ये एक पोरगा दुधाचा ग्लास घेऊन त्याच्या मागे मागे फिरायचा, अशी आठवण सांगतात. लहानपणची उपासमार आणि मोठेपणी स्वतःच करून घेतलेली उपासमार, दोन्ही अंगावर आली. १९१० च्या जुलैमध्ये बोर्नमथला विमानाची शेपटी मोडून रोल्स गेला, अवघ्या ३२ व्या वर्षी. पुढच्या वर्षी रॉईस आजारी पडून कोसळला. १९१२ मध्ये मोठं ऑपरेशन झालं. संसारही त्याच सुमारास विस्कटला, नवरा-बायको वेगळे राहू लागले. डर्बीला १९०८ मध्ये उभारलेल्या आपल्याच नव्या कारखान्यात तो पुन्हा कधी नेमाने गेला नाही. हिवाळा दक्षिण फ्रान्समध्ये, एरवी इंग्लंडच्या किनाऱ्यावर, कायम एका नर्सच्या देखरेखीखाली, अशी त्याची पुढची वीसेक वर्षं गेली.

आणि तरीही काम थांबलं नाही. ड्राफ्ट्समन त्याच्या घराजवळ राहायला आले. ड्रॉइंग घरी यायची, त्याच्या दुरुस्त्या होऊन कारखान्यात जायची. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, त्याचं ईगल हे विमानाचं इंजिन तयार झालं. १९१९ च्या जूनमध्ये ॲल्कॉक आणि ब्राऊन यांनी कुठेही न थांबता अटलांटिक पहिल्यांदा विमानाने ओलांडला, तेव्हा त्यांच्या विमानाला दोन ईगल इंजिनं होती. समुद्रावर १६ तास! रोल्सने घेतलेली ती मॅंचेस्टरची फेरी आणि ही फेरी, दोन्हींमागे तोच हट्ट होता, की पार्ट हादरता कामा नये. शेवटच्या काही वर्षांत त्याने 'आर' इंजिनावर काम केलं. त्याच्या जोरावर ब्रिटनने १९२९ आणि १९३१ ची श्नायडर ट्रॉफी जिंकली आणि १९३१ मध्येच विमानाने ताशी ४०० मैलांचा वेग ओलांडला.

१९३० मध्ये त्याला सरदारकी मिळाली, सर हेन्री झाला. पण तो स्वतःची ओळख शेवटपर्यंत मेकॅनिक अशीच करून द्यायचा. आपल्याकडे हा शब्द गॅरेजमधल्या माणसासाठी थोडं नाक मुरडून वापरतात. मेकॅनिकल इंजिनिअर म्हटलं की लग्नाच्या बायोडेटात चालतं, नुसतं मेकॅनिक म्हटलं की नाही. २२ एप्रिल १९३३ रोजी, ७० व्या वर्षी, वेस्ट विटरिंगच्या घरी तो गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मर्लिन इंजिन पहिल्यांदा चाललं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन विमानांना तेच होतं. ते चालताना बघायला तो नव्हता.

पुढे कंपनीचेही चढउतार झाले. १९७१ मध्ये तिचं दिवाळं निघालं, मोटारी आणि विमानाची इंजिनं वेगळी झाली, आणि २००३ पासून मोटारी बीएमडब्ल्यूच्या छत्राखाली गुडवुडला बनू लागल्या. योगायोग असा, की गुडवुड वेस्ट विटरिंगपासून फार लांब नाही. २०२० मध्ये नवी घोस्ट सेडान आली. तिच्या ग्रिलवर प्रकाश टाकायला २० एलईडी आहेत आणि आवाज अडवायला १०० किलोहून जास्त सामान भरलेलं आहे. कंपनीने तेव्हा सांगितलं, की आत इतकं सामसूम झालं की बसणाऱ्यांना कसंतरीच व्हायला लागलं, म्हणून मग सगळे भाग जुळवून एक बारीकसा सूर मुद्दाम ठेवला. मला ते वाचून हसू आलं आणि रॉईस आठवला. त्याच्याकडे गाद्या-अस्तरं भरायची सोय नव्हती. बॉडी दुसऱ्याची, त्यामुळे आवाज झाकणार कुठे? आवाज जिथे जन्मतो तिथेच, त्या क्रँकशाफ्टमध्ये, त्या गिअरच्या दातात, त्याला तो संपवावा लागला.

आपल्या प्रोजेक्टमध्ये आपण बहुतेक वेळा अस्तरच भरतो, नाही का? रिपोर्ट स्पायरल बायंडिंगचा, कव्हर रंगीत, प्रेझेंटेशनला ॲनिमेशन, आणि मॉडेल एक्स्टर्नल येईपर्यंत चाललं तरी पुरे. मी काही वेगळी नाही, याच होस्टेलमध्ये राहते. पण रॉईसबद्दल वाचल्यापासून एक गोष्ट सोडायची नाही असं ठरवलंय. गेल्या वर्षीच्या सीनियर्सचं मॉडेल हातात आलं, तर ते आधी पूर्ण खोलायचं. एक-एक पार्ट टेबलावर मांडायचा आणि हा असाच का, ते विचारायचं. आणि हो, मेसची वेळ चुकवायची नाही. त्या बाबतीत सर हेन्रींचं ऐकू नका!